गट्टूच्या खालचं काम

खचलेला फूटपाथ दुरुस्त करताना सगळ्यात जास्त वेळ पहिला गट्टू काढायला लागतो. चारी बाजूंच्या गट्टूंनी तो आवळून धरलेला असतो आणि फटींमध्ये वर्षानुवर्षांची कच, माती, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे असं सगळं घट्ट बसलेलं असतं. आधी पटाशीने फटी कोरायच्या. मग समोरासमोर दोन पटाश्या घालून गट्टू थोडा इकडे, थोडा तिकडे असा सैल करत वर घ्यायचा. घाई केली की कोपरा उडतो, आणि कोपरा उडालेला गट्टू परत बसवला तरी त्या जागी पाणी शिरतंच. एक निघाला की बाकीचे हाताने निघतात. ते ज्या ओळीत निघाले त्याच ओळीत बाजूला मांडून ठेवायचे, म्हणजे बसवताना रंग आणि झीज एकमेकांशी जुळते.

मग खाली बघायचं. माझ्या कामातला मुख्य भाग हे खाली बघणं आहे. कारण गट्टू सहसा खराब झालेला नसतो. साठ मिलिमीटर जाडीचा, चांगला दाबून काढलेला, पाण्यावर नीट पिकवलेला काँक्रीटचा गट्टू माणसांच्या पायाखाली कित्येक वर्षं सहज टिकतो. बिघडलेलं असतं ते त्याच्याखालचं. कधी नळाच्या जोडणीतून ठिबकणाऱ्या पाण्याने कच वाहून नेलेली असते आणि गट्टू पोकळीवर लटकत असतात. कधी घुशीने नालीच्या भिंतीतून बीळ काढलेलं असतं. कधी कुणी केबल टाकायला चर खणून त्यात निघालेली तीच माती ढकललेली असते, तिच्यावर ना पाणी मारलेलं, ना धुम्मस चाललेली. आमच्या भागात तर बहुतेक वेळा खाली काळी माती निघते, आणि काळी माती निघाली की पुढचं कुणी सांगायची गरज उरत नाही.

लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या लोकांना काळ्या रानाची ओळख करून द्यायला नको. मे महिन्यात बांधावर उभं राहिलं की पाय जाईल एवढ्या भेगा दिसतात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटून जमीन फुगते. सोयाबीन आणि हरभऱ्याला ही माती चांगली, कारण पाणी धरून ठेवते. फूटपाथला ती तेवढ्याचसाठी वाईट. तिच्यातली बारीक चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. फूटपाथच्या मधल्या भागाखाली ओल जरा टिकून राहते, कडेची माती मात्र उन्हाने लवकर वाळते. त्यामुळे कड खाली जाते, मधलं तसंच राहतं, आणि दोन वर्षांत सपाट बसवलेली पट्टी नालीकडे कलंडते. वरून सिमेंट ओतून हे थांबत नाही. हात-दीड हात काळी माती उपसून बाहेर टाकायची, त्या जागी मुरूम थराथराने घालायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस द्यायची, त्यावर खडी, त्यावर कचीचा पातळ थर, आणि मग गट्टू. कचीचा थर तीन-चार सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. खालचा उंचसखलपणा कचीने झाकायची सवय आमच्या धंद्यात फार आहे. जिथे कच जाड, तिथे पहिल्याच पावसाळ्यात खड्डा.

मी किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा शाळेत शिकत होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, पेठसांगवी अशा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या घरातलीही गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. पण माझ्या हातात थापी आली ती त्या पहाटेमुळेच, एवढं सांगावं लागेल.

भूकंपानंतर सगळा मुलूख बांधकामाची जागा झाला होता. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि ठिकठिकाणच्या संस्थांच्या मदतीतून बावन्न गावं नव्या जागी उभी राहत होती, आणि त्याहून कितीतरी जास्त गावांत जुन्या घरांची डागडुजी व मजबुतीकरण चालू होतं. गवंड्यांना शिकवलं जात होतं. आमच्याकडच्या जुन्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, दगड आणि मातीच्या. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये भर. दोन थरांना आरपार बांधणारे दगड नसल्यामुळे धक्क्यासरशी ते एकमेकांपासून सुटले. म्हणून नव्याने शिकवलेल्या गोष्टींत जोडदगड, कोपऱ्याची बांधणी आणि भिंतीभोवतीचा काँक्रीटचा पट्टा या मुख्य होत्या. मी ज्या मिस्त्रीच्या हाताखाली पुढे काम शिकलो, ते त्या शिकवणीतूनच तयार झालेले. फूटपाथचं काम सुरू केल्यावर मला त्यांचं बोलणं रोज उपयोगी पडलं. गट्टूंची पट्टी सिमेंटने जोडलेली नसते, ती एकमेकांच्या दाबावर उभी असते. कडेचा कर्ब पक्का असेपर्यंतच तो दाब राहतो. कर्ब हलला की फटी रुंदावतात, फटीतून पाणी जातं, आणि भूकंपात भिंतीचे थर जसे सुटले तसे गट्टू एकेक करून सुटत जातात. म्हणून दुरुस्तीला गेलो की मी खड्डा नंतर बघतो, आधी कर्ब बघतो.

पुढे पोटापाण्यासाठी पुण्याला गेलो आणि तिथे बरीच वर्षं फूटपाथवरच काम केलं, आधी मिस्त्री म्हणून, मग साईटवर देखरेखीला. ज्या शहराला मी लहानपणी फक्त एस.टी.च्या पाटीवर वाचलं होतं, त्याचे रस्ते मला खालून माहीत झाले. एखाद्या जुन्या पेठेत फूटपाथ उघडला की थरांवर थर निघायचे. वर रंगीत गट्टू, खाली सिमेंटचा कोबा, त्याखाली शहाबादी फरशी, आणि तिच्याखाली कुठल्याशा जुन्या दगडी गटाराची कड. शहाबादी फरशी आमच्या ओळखीची. ती येते कलबुर्गीकडून, म्हणजे किल्लारीहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळून. प्रत्येक वेळी नवं काम आलं की जुनं न काढता त्यावर चढवलेलं. त्यामुळे फूटपाथची उंची वाढत गेली आणि म्हाताऱ्या माणसांना एका दमात चढता येईना. पादचाऱ्यांसाठीची भारतीय रस्ते परिषदेची मानकं सांगतात की कर्ब दीडशे मिलिमीटरपेक्षा उंच नसावा, म्हणजे वितीपेक्षा कमीच, आणि चालायला किमान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर मोकळी जागा असावी. हातात टेप घेऊन शहरात फिरलात तर ही दोन मापं किती ठिकाणी बसतात ते तुम्हालाच दिसेल.

शहरातल्या फूटपाथचं आयुष्य खोदाई ठरवते. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, इंटरनेटची केबल, सगळे त्याच पट्टीखालून जातात, आणि एकाचं काम बुजवलं की दुसरा येतो. गट्टूचा मोठा गुण असा की तो न फोडता उचलता येतो आणि परत बसवता येतो. डांबर किंवा काँक्रीटला ते जमत नाही. फूटपाथला गट्टू वापरण्यामागे हाच विचार आहे. पण घाईच्या कामात गट्टू पहारीने उचकटले जातात, अर्धे फुटतात, उरलेले ढिगात पडतात, आणि चर बुजवल्यावर वरून नवीन, वेगळ्याच रंगाचे आणि कधी वेगळ्याच जाडीचे गट्टू येतात. जुने चांगले गट्टू डंपरमध्ये भरताना मला दर वेळी वाईट वाटायचं. त्यांच्यात काही दोष नव्हता. मोजमाप पुस्तिकेत नव्या कामाचे चौरस मीटर लिहिले जातात. उचलून, पुसून, परत बसवलेल्या गट्टूला किती मेहनत लागली ते तिथे सहज दिसत नाही. मार्च महिन्यात तर धावपळ अशी असायची की रात्रीच्या दिव्यांत आम्ही चांगले फूटपाथ काढून नवे घालायचो आणि दोन गल्ल्यांपलीकडे चेंबरचं झाकण वर्षभर तुटलेलं असायचं.

पुण्यातलीच एक गोष्ट मला कायम धीर देते. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो नावाच्या कंपनीने जंगली महाराज रस्ता दहा वर्षांच्या हमीवर बांधून दिला होता. ती हमी संपून कित्येक वर्षं झाली तरी लोक त्या रस्त्याला खड्डा पडला नाही म्हणून दाखला देत राहिले. आम्ही मिस्त्री लोक त्यावर पुष्कळ बोलायचो. डांबर चांगलं होतं, काळजी घेतली होती, हे खरंच. पण ज्याने बांधलं तोच दहा वर्षं जबाबदार, हे आधीच ठरलेलं होतं, आणि माझ्या मते काम तिथेच निम्मं झालं होतं. पुढे त्याच रस्त्याचे फूटपाथ रुंद करून बसायला बाकं, झाडांना आळी, सायकलला जागा असं केलं गेलं. तिथे लोकांना सावकाश चालताना, थांबून बोलताना मी बघितलंय. लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरला एक दिवस वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांना दिला जातो, तेव्हाही तसंच होतं. शहरातल्या माणसाला चालायची हौस नाही असं कुणी म्हणालं तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

आईची तब्येत बिघडली म्हणून मी किल्लारीला परत आलो आणि इथेच राहिलो. आता किल्लारी, औसा, लामजना, उमरगा या पट्ट्यात छोटी कामं घेतो. इथे आल्यावर मला माझंच गाव धंद्याच्या नजरेने दिसलं.

जुनं गाव गल्ल्यांचं होतं. दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती, मध्ये अरुंद वाट, दिवसभर सावली. त्याच भिंती त्या पहाटे गल्ल्यांत पडल्या, आणि मदतीला आलेल्यांना आत शिरता येईना. म्हणून नवी गावं आखताना सरळ रेषेचे, एकमेकांना काटकोनात छेदणारे रुंद रस्ते ठेवले. ज्याची जेवढी जमीन त्याप्रमाणे घरं मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे, आणि प्रत्येकाभोवती मोकळी जागा. भीतीच्या त्या दिवसांत हे सगळं लोकांना हवंही होतं. पण गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. माणसं तेवढीच, घरपट्टी भरणारी कुटुंबं तेवढीच, आणि राखायचे रस्ते आणि नाल्या मात्र पुष्कळ लांब.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला कुठल्या कागदात वाचायला मिळाली नाही पण रोज दिसते. साधं गाव हळूहळू वाढतं. एक गल्ली आज्याच्या काळातली, एक बापाच्या, एक आपल्या. त्यामुळे एका वेळी सगळंच मोडकळीला येत नाही. ही बावन्न गावं तीन-चार वर्षांत उभी राहिली. त्यांच्या नाल्या एकाच वयाच्या, चेंबर एकाच वयाचे, रस्त्यांच्या कडा एकाच वयाच्या. वय झालं तेव्हा सगळ्यांचं एकदम झालं, आणि ते ग्रामपंचायतींच्या गळ्यात पडलं. एवढा भार कुठल्याही गावाला एकट्याने पेलणारा नाही, म्हणून मी इथे कुणाला दोष देत नाही.

चालणाऱ्याचं काय होतं ते बघा. रस्ता रुंद, पण त्याच्या कडेला चालायची पट्टी मूळ आखणीत धरलेली नाही. पुढे पेठेत, दवाखान्यापुढे, शाळेपुढे वेगवेगळ्या योजनांतून गट्टू आले. मधल्या जागेत लोकांनी ओटे पुढे घेतले, नालीवर फरशी टाकून गाडी चढवायला उतार केले. हे उतार प्रत्येक दारापुढे वेगळ्या उंचीचे. त्यामुळे कडेने चालणारा माणूस वर-खाली, वर-खाली करत कंटाळून शेवटी डांबरावर उतरतो, आणि डांबरावर ऊस भरलेले ट्रॅक्टर असतात. गळीत हंगामात संध्याकाळी शाळा सुटल्यावर लेकरं दोन ट्रॉल्यांच्या मधून घरी जातात. मला त्या वेळी साईटवर हातातलं काम पुढे सरकवता येत नाही, आधी लेकरं पार झाली का ते बघतो.

इथल्या एका दवाखान्यापुढची पट्टी मी परत बसवत होतो तेव्हाची गोष्ट. नळयोजनेच्या खोदाईत चर गेला होता आणि बुजवलेली माती बसल्याने गट्टूंची एक लांब रेघ खचली होती. जाणारे-येणारे विचारत होते, "आता परत काय काढलालाव, मिस्त्री? परवाच तर बसिवलं व्हतं की." तेवढ्यात कुबडीवर एक मामा आले. भूकंपात पाय गेलेले. आमच्या भागात त्या पहाटेने अधू केलेली माणसं अजून आहेत, आता म्हातारी झालीत. मामा थांबले आणि कुबडीचं टोक गट्टूंच्या फटीवर नेऊन मला दाखवलं. टोकाचं रबर झिजून निम्मं झालं होतं, आतला लोखंडी पाईप एका बाजूने उघडा पडला होता. फट बोटभर रुंद. पाईपची कड त्या फटीत बरोबर बसत होती. त्यांनी वजन टाकलं, कुबडी अडकली, आणि ती काढायला त्यांना दुसऱ्या हाताने माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "सगळे सरळ बघून चालतेत," ते म्हणाले. "मला सगळा रस्ता खाली बघून जावं लागतंय. दवाखान्यात येऊस्तोवर मान दुखती."

त्या दिवशी मी ती पट्टी चर जिथे सुरू झाला होता तिथून नालीपर्यंत सगळी उघडली. अंदाजपत्रकात फक्त खचलेला भाग होता. चरातली काळी माती उपसली, दोन थरांत मुरूम घातला, कर्ब पुन्हा सरळ केला, फटी तीन-चार मिलिमीटरवर आणल्या आणि बारीक कच कोरडी करून झाडूने भरली, दोनदा भरली, कारण पहिली भरलेली कच थाप दिल्यावर खाली बसते. दवाखान्याच्या दारात पायरीऐवजी उतार केला, हाताला धरायला पाईप लावला. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. असा उतार आणि असा पाईप त्यात सहज बसतो. पण तो मागावा लागतो, आणि मागणाऱ्याला तो आहे हे ठाऊक असावं लागतं.

पैशाचं गणितही सांगतो, कारण "निधी नाही" हे वाक्य मी गावोगाव ऐकतो आणि ते निम्मंच खरं आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, चाळीस टक्के मोकळी. रस्त्याची कड, गट्टू, चेंबर ही कामं त्या मोकळ्या चाळीस टक्क्यांत दिवाबत्तीपासून शाळेच्या दुरुस्तीपर्यंत सगळ्यांशी भांडत बसायची. शिवाय गावाचा वर्षाचा आराखडा आधीच ठरलेला असतो. ऑगस्टमध्ये चेंबरचं झाकण फुटलं तर ते आराखड्यात नसतं. मग ते पुढच्या वर्षीच्या यादीत जातं आणि तोवर त्यावर कुणीतरी बाभळीचं फांटं टाकून ठेवतं. झाकणाला लागतात काही शे रुपये. त्याच्याभोवतीची पट्टी वर्षभरात धुऊन निघाली की खर्च लाखात जातो आणि तेव्हा नव्या कामाची मंजुरी मात्र मिळते. पाटी लागते, नारळ फुटतो. मला नारळ फुटण्याबद्दल राग नाही, नवं काम झालंच पाहिजे. पण झाकण बदलायला नारळ लागत नाही, त्यामुळे ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

इतर ठिकाणी काय करतात ते मी मिळेल तिथे वाचतो. न्यूयॉर्कमध्ये घरापुढचा फूटपाथ नीट ठेवायची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नाही केलं तर शहर करून घेतं आणि बिल त्याला पाठवतं. मला ही रीत आपल्याकडे जशीच्या तशी नको वाटते, कारण ज्याला अडीचशे चौरस फुटांचं घर मिळालं त्याच्याकडून मुरूम-खडीचा खर्च मागणं न्यायाचं नाही. पण आपल्याकडे दारापुढची जागा सकाळी झाडून सडा घालायची रीत जुन्या गावापासून आहे आणि नव्या गावातही टिकलीय. जी बाई रोज दारापुढे सडा घालते तिला कुठला गट्टू हलतोय ते कुठल्याही इंजिनिअरच्या आधी कळतं. तिने कुणाला सांगायचं, एवढंच ठरलेलं नाही. जपानमध्ये १९६७ साली ओकायामा शहरात अंध माणसांसाठी पहिल्यांदा उंचवट्यांची पट्टी बसवली गेली. सेइची मियाके यांनी ती शोधली. आज आपल्या शहरांत तीच पिवळी पट्टी दिसते: रेघांची असेल तर सरळ चला, ठिपक्यांची असेल तर थांबा. मी पुण्यात ती मैलोगणती बसवली असेल. विजेच्या खांबावर नेऊन संपवलेली पिवळी पट्टीही मी बघितलीय, आणि अशी चुकीची पट्टी मुळीच पट्टी नसण्यापेक्षा वाईट, कारण अंध माणूस तिच्यावर विश्वास टाकून चालतो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्याविना चालता येईल असा फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो दिव्यांगांना वापरता आला पाहिजे. ही बातमी मी साईटवर चहा पिताना मोबाईलवर वाचली आणि सोबतच्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवली. आम्ही जे करतो ते जगण्याच्या हक्कात बसतं, हे त्यांना कळावं असं मला वाटलं. या धंद्यातली पोरं लवकर सोडून जातात. दिवसभर गुडघ्यावर बसून काम, बोटांची कातडी कचीने सोलते, आणि काम चांगलं झालं की ते कुणाला दिसत नाही, कारण लोक त्यावरून न अडखळता निघून जातात.

मला स्वतःला आता एवढं पक्कं वाटतं की फूटपाथला योजनेपेक्षा माणूस जास्त लागतो. ठरलेला एक माणूस, ज्याच्याकडे पटाशी, रबरी हातोडा, धुम्मस, चार गोण्या कच, थोडा मुरूम आणि मोडलेल्या कामातून जपून ठेवलेले जुने गट्टू असतील, आणि आठवड्याला एक फेरी मारून जिथे एक गट्टू हलतोय तिथे त्याच दिवशी तो बसवायची मोकळीक असेल. मोठ्या शहरात प्रभागाला एक जोडी पुरेल. किल्लारीसारख्या गावाला एक माणूस आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा पुरे. मृगाच्या आधी नाल्या आणि चेंबर, दिवाळीनंतर खचलेले चर, उन्हाळ्यात कर्ब. मी आज हे काम ओळखीच्या चार गावांत बोलावतील तसं करतो. त्याचे पैसे कधी मिळतात, कधी उशिरा मिळतात. माझ्यानंतर ते कुणी करावं असं वाटत असेल तर त्याला हुद्दा आणि महिन्याचा पगार लागेल.

वाचणाऱ्यांना एक विनंती करतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात. त्यातल्या पुढच्या एका सभेला जा आणि रस्त्याच्या कडा, चेंबर आणि चालायच्या पट्ट्यांच्या दुरुस्तीसाठी वर्षभराची वेगळी रक्कम आणि एका माणसाचं नाव मागा. जो कुणी खोदेल त्याने काळी माती उचलून मुरूम थराथराने दाबून दिल्याशिवाय आणि काढलेले गट्टू परत बसवल्याशिवाय त्याचं बिल निघू नये, हेही त्याच ठरावात लिहून घ्या. शहरात राहत असाल तर हेच आपल्या प्रभागात मागा. मागणी तोंडी करू नका. ठराव इतिवृत्तात चढला आणि खाली सही झाली, हे स्वतः बघूनच उठा.